बंदुकीचा ढिला चाप

डोंगरकडेच्या गांवीं शेतकऱ्यास औत, कोयता व फावडें यांची जशी गरज, तशीच पुष्कळ घरांत शेतसंरक्षणाच्या बंदुकीचीही गरज असते. चिपळूण तालुक्यांतील पोफळी हें गांव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. वरच्या बाजूस कोयनेचें रान, खालीं वाशिष्ठीचें खोरें, आणि मधल्या उतारावर भात, नाचणी, काजू व आंबा. भात लोंबीस आलें कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत चार महिन्यांच्या कष्टाची काय दशा करितो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि एक गोष्ट नजरेस आणल्यावांचून राहवत नाहीं. औताचा फाळ आपण पेरणीपूर्वीं पाहतों, कोयत्यास धार लावितों, इरलें सुद्धां मृगापूर्वीं नीट करितों; बंदूक मात्र वर्षभर भिंतीस टांगलेली राहते, व डुकरें शिरलीं अशी हांक आली म्हणजे काळोखांत ती तशीच हातीं घेतली जाते.

आमची नोकरी महसूल कचेरींत कारकुनीची झाली. शस्त्रपरवान्यांच्या चौकशीचे कागद त्या काळांत आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. परवाना कसा मिळतो, मुदत कधीं संपते, वारसाच्या नांवें कसा होतो, हे प्रश्न अर्जदार आवर्जून विचारीत. परंतु बंदुकीचा चाप ढिला झाला आहे, काय करावें, हा प्रश्न कचेरींत कोणी विचारीत नसे. तो गांवच्या लोहारास विचारला जातो, आणि तेथेंच घात होतो. चापाचा ढिलेपणा एकाच जातीचा नसतो, आणि पेंच आवळणें हा जो उपाय सर्वांस प्रथम सुचतो, तो कित्येकदां दुखणें वाढवितो. ही एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आपल्याकडील बंदुका

आपल्या भागांत दोन जातींच्या बंदुका आढळतात. एक ठासणीची, तिच्या नळीच्या तोंडांतून दारू व छर्रे ठासतात व मागें टोपी बसवितात. दुसरी काडतुसी, एकनळी अथवा दुनळी, बहुधा १२ बोअरची. १२ बोअर याचा अर्थ असा कीं, एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी त्या नळींत बरोबर बसेल. नळीचें हें माप ०·७२९ इंच भरतें. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत शेताच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे; तेवढ्यानें भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करितां येते.

एका बारानंतर दुसरें काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या रायफली निराळ्या. भारतीय सैन्यानें कित्येक दशकें वापरलेली ७·६२ मिलिमीटरची 'सेल्फ लोडिंग' रायफल याच जातीची. असलीं हत्यारें २०१६ च्या शस्त्र नियमांत अधिक कडक वर्गांत घातलेलीं आहेत, व शेतसंरक्षणाच्या परवान्यावर तीं मिळावयाचीं नाहींत. तरी चापाची मूळ रचना सर्वत्र एकाच तत्त्वावर चालते. म्हणून त्यांचाही उल्लेख पुढें ओघानें येईल.

चापाचें काम कसें चालतें

चाप म्हणजे बोटानें ओढावयाची जीभ. घोडा म्हणजे टोपीवर किंवा काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या खिळ्यावर आघात करणारा भाग. कांहीं बंदुकांत घोडा बाहेर दिसतो, कांहींत आंत झांकलेला असतो. घोडा मागें चढविला म्हणजे जोरदार कमान ताणली जाते. त्या ताणलेल्या घोड्यास धरून ठेवणारी एक लहान पोलादी खिटी असते; तिचें टोंक घोड्याच्या खांचेंत अडकतें. खिटीस मागें शेपटी असते. आपण चाप ओढतों तेव्हां चापाचा वरचा भाग या शेपटीस ढकलतो, खिटी खांचेंतून निसटते, घोडा पडतो व बार होतो.

खिटी व खांच यांची ही पकड एका ज्वारीच्या दाण्याच्या जाडीइतकीही नसते. बंदूक हातांत असतांना माणसाचा जीव याच पकडीवर अवलंबून असतो. आपोआप भरणाऱ्या रायफलींत याहून एक अडकण जास्त लागते. तेथें बार होतांच घोडा पुन्हां चढतो, पण बोट अद्याप चापावरच असतें. म्हणून बोट सुटेपर्यंत घोडा धरून ठेवण्यासाठीं दुसरी खिटी ठेवावी लागते. ती झिजली म्हणजे एका ओढीस दोन बार निघण्याचा संभव असतो. जुन्या स्वयंभरण रायफलींत चापाचा सांगाडा ढिला दिसला कीं जाणते कारागीर इतके सावध होतात तें यासाठींच.

प्रथम बंदूक रिकामी

परीक्षा करण्यापूर्वीं बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. "काल मीच रिकामी केली होती" ही खात्री नव्हे. काडतुसी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं, मुलांस बाहेर पाठवावें, व नळीचें तोंड मातीच्या भिंतीकडे किंवा शेताच्या बांधाकडे असावें.

ठासणीच्या बंदुकींत उजेड दिसत नाहीं. तेथें गज नळींत तळापर्यंत घालून तोंडाशीं बोटानें खूण धरावी. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. गजाचें टोंक टोपीच्या जागेजवळ पोहोंचलें तर नळी रिकामी. दोनतीन इंच अलीकडेच थांबलें तर आंत बार भरलेला आहे असें समजावें. असा बार घरीं खरवडून काढण्याच्या भरीस पडूं नये. टोपी काढावी, बंदूक कुलुपांत ठेवावी व जाणत्या कारागिराकडून बार काढवावा.

ढिलेपणाचे चार प्रकार

बंदूक रिकामी झाल्यावर चाप दोन बोटांत धरून हलकेच हलवावा, व काय हलतें तें नीट पाहावें.

पहिला प्रकार. चाप, त्याचें कडें व खालची लोखंडी पट्टी हीं सर्व एकदम हलतात. येथें दोष चापांत नसून लांकडांत अथवा पेंचांत असतो. आपल्याकडे पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो व वैशाखांत सर्व कोरडें ठणठणीत होतें. दस्त्याचें लांकूड पावसांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. बंदूक चुलीवरच्या माळ्याशीं टांगलेली असेल तर अधिकच आकसतें. लोखंड मात्र तेवढेंच राहतें. त्यामुळें पट्टी ढिली पडते.

येथेंच पेंच आवळण्याचा मोह होतो. थोडा सैल झालेला पेंच नेटका बसविण्यास हरकत नाहीं. परंतु लांकूड आकसलेलें असतां पेंच जोरानें पिळला तर पट्टी पूर्वीच्या जागेहून वर जाते, तिच्याबरोबर चापही वर जातो, आणि चाप व खिटीची शेपटी यांमध्यें जी थोडी मोकळी फट असावयास पाहिजे ती नाहींशी होते. मग चाप न ओढतांच शेपटीस टेकून राहतो, व खिटी खांचेंत पूर्ण बसत नाहीं. वरून बंदूक घट्ट दिसते, मालकास समाधान वाटतें, आणि आंत मात्र घोडा टोंकावर लटकत असतो. म्हणून नियम असा कीं, पेंचास पाव फेऱ्याहून अधिक वाव दिसला, किंवा आवळल्यावर चाप पूर्वीपेक्षां हलका लागूं लागला, तर पेंच पूर्वीच्या जागीं आणून बंदूक कारागिराकडे न्यावी. लांकडांत भर घालून पट्टी मूळ उंचीवर बसविणें हाच त्यावर खरा उपाय आहे.

दुसरा प्रकार. फक्त चाप डावीउजवीकडे किंचित् हलतो. चाप ज्या खिळ्यावर फिरतो त्याचें भोंक झिजल्याचें हें लक्षण आहे. जुन्या बंदुकींत थोडें हलणें स्वाभाविक असून तेवढ्यानें धोका नाहीं. परंतु हलतांना चाप एका बाजूस घासत असेल, किंवा ओढल्यावर परत येत नसेल, तर खिळा बदलणें अवश्य आहे.

तिसरा प्रकार. चाप पुढेंमागें लोंबकळतो, त्यास कांहींच आधार नाहीं असें वाटतें. पुष्कळ जुन्या बंदुकांत चापास स्वतःची बारीक कमान असते. ती मोडली अथवा गंजून मेली म्हणजे असें होतें. कित्येक साध्या बंदुकांत मात्र अशी कमान मुळांतच नसते व थोडी लोंबकळ जन्मापासूनचीच असते. भेद ओळखण्याची खूण अशी: लोंबकळ नवीन आहे काय? मागील वर्षीं नव्हती व यंदा आहे, तर कांहीं तरी मोडलें आहे.

चौथा प्रकार. चाप हालत नाहीं, डुलत नाहीं, पण बोट लागतांच घोडा पडतो. सर्वांत भयंकर प्रकार हाच, कारण यास ढिलाई असें कोणी म्हणत नाहीं. उलट "चाप काय मऊ झाला आहे" अशी त्याची स्तुति होते. खिटी व खांच यांची पकड झिजल्याचें हें लक्षण आहे.

दोन साध्या परीक्षा

चौथा प्रकार ओळखण्यास दोन परीक्षा आहेत. दोन्ही रिकाम्या बंदुकीवर, व शक्य असल्यास नळींत पोकळ खोटीं काडतुसें घालून कराव्या, म्हणजे आंतील खिळ्यास इजा होत नाहीं.

पहिली वजनाची. घरांतील स्प्रिंगचा काटा घेऊन त्याचा आंकडा चापास अडकवावा, घोडा चढवावा, व नळी वर धरून हळूहळू ओढावें. चांगल्या दुनळी बंदुकीचा चाप साधारण ४ ते ५ पौंडांवर, म्हणजे सुमारें २ किलोवर सुटतो. ३ पौंडांच्या आंतच सुटूं लागला तर ती बंदूक शेतांत नेऊं नये. पांच वेळां ओढून पाहावें. प्रत्येक वेळीं आंकडा निराळा येत असेल तर तोही दोषच होय.

दुसरी धक्क्याची. घोडा चढवून, चापास हात न लावतां, दस्त्याच्या बुडास तळहातानें चारपांच थापा द्याव्या. घोडा पडला तर शंकेस जागाच उरली नाहीं.

येथें सुरक्षेच्या खटक्याविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. बहुतेक दुनळी बंदुकांत हा खटका केवळ चापास अडवितो; घोड्यास किंवा खिटीस अडवीत नाहीं. म्हणून खिटी झिजलेली असेल तर खटका लावलेला असतांही, बांधावरून उडी मारतांना किंवा माचावर चढतांना बसलेल्या धक्क्यानें बार होऊं शकतो. "खटका लावला होता" हें वाक्य अपघातानंतर कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. काडतूस नळींत शेताच्या बांधावर पोहोंचल्यावर घालावें, व बांध ओलांडण्यापूर्वीं काढावें.

कानस व तेल

लोहाराचें कसब आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु खिटी व घोडा यांस वरचा पातळ थर कठीण राहील असें पाणी दिलेलें असतें. आंत लोखंड मऊ असतें. खांच नीट करावी म्हणून कानस फिरविली कीं तो कठीण थर निघून जातो. दोन दिवस चाप उत्तम चालतो; पुढें मऊ लोखंड झपाट्यानें झिजतें व पूर्वीपेक्षां वाईट अवस्था होते. खिटी व खांच यांस मालकानें किंवा लोहारानें कधींही कानस लावूं नये. तो भाग बदलावयाचा किंवा पुन्हां पाणी देऊन जाणत्यानें बसवावयाचा असतो.

दुसरी चूक तेलाची. कोंकणांत नारळाचें तेल घरोघर असतें, व तेंच बंदुकीच्या कळींत ओतण्याची रीत आहे. नारळेल तेल सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें. पौषांतील रात्रीं घाटाच्या पायथ्याशीं याहून पुष्कळ अधिक थंडी असते. थिजलेल्या तेलांत खिटी जड होते, खांचेंत पूर्ण बसत नाहीं. शिवाय हें तेल कांहीं दिवसांनीं चिकट होऊन धूळ धरितें. बंदुकीसाठीं पातळ खनिज तेल वापरावें, तेंही थेंबभरच. तेल अधिक झाल्यास तें झिरपून दस्त्याच्या तोंडचें लांकूड मऊ करितें व पहिल्या प्रकारचा ढिलेपणा त्यांतूनच उत्पन्न होतो. काळी दारू वापरणाऱ्यांनीं नळी कढत पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावी, कारण तिची राख हवेंतील ओल ओढून घेते व गंज कळीपर्यंत पोहोंचतो. पावसाळ्यांत बंदूक कापडी अगर कातडी पिशवींत कोंडून ठेवूं नये. निवडणुकीच्या वेळीं ठाण्यांत जमा केलेली बंदूक परत आल्यावर, ती टांगण्यापूर्वीं वरील सर्व परीक्षा पुन्हां कराव्या.

कारखान्यांतही चूक होते

कोणास वाटेल कीं हीं दुखणीं जुन्या व गरिबांच्या बंदुकांचींच. तसें नाहीं. अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीची 'मॉडेल ७००' ही रायफल १९६२ पासून विकली जात असून तिची ख्याति मोठी. तिच्या नव्या जातीच्या चापाच्या जोडणींत चिकटविण्याचा पदार्थ कांहीं नगांत प्रमाणाबाहेर लागला, व त्यामुळें चाप न ओढतां बार होण्याचा संभव निर्माण झाला. २००६ च्या मे महिन्यापासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत बनलेल्या असल्या रायफली कंपनीस २०१४ मध्यें परत मागवाव्या लागल्या. चिकटीचा एक जादा थेंब जर इतका अनर्थ करूं शकतो, तर आपल्या कानशीच्या एका फेऱ्याचें काय सांगावें?

दुरुस्तीस नेतांना

१९५९ च्या कायद्याच्या ५ व्या कलमानुसार बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा परवान्याशिवाय करितां येत नाहीं, व २०१९ च्या दुरुस्तीनें याबद्दलच्या शिक्षा अधिकच कडक झाल्या आहेत. म्हणून बिगरपरवाना कारागिराकडून काम करून घेणें म्हणजे त्यास व स्वतःस संकटांत घालणें होय. मालकास स्वतः जाणें शक्य नसेल तर दुसऱ्या मनुष्यानें बंदूक दुरुस्तीस नेण्याची सोय ३ ऱ्या कलमांत आहे; मात्र मालकाचें लेखी अधिकारपत्र त्याजवळ पाहिजे. तोंडी निरोप चालत नाहीं. अधिकारपत्रांत बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, नेणाऱ्याचें नांव, कारागिराचें नांव व तारीख लिहावी, व परवान्याची नक्कल जोडावी. बंदूक रिकामी व मोडून बांधलेली असावी. काडतुसें बरोबर नेऊं नयेत. देतांना व घेतांना पावती मागावी, व पावतीवर काय काम केलें तें लिहवून घ्यावें.

जुनी बंदूक विकत घेतांना

शेतकऱ्याकडे येणारी बंदूक बहुधा दुसऱ्या हातची असते. खाजगी मालकास बंदूक विकावयाची झाल्यास जिल्हादंडाधिकारी अथवा जवळचें पोलीस ठाणें यांस लेखी कळवावें लागतें, व त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. हा काळ वायां न दवडतां घेणाऱ्यानें मालकाच्या घरीं जाऊन बंदुकीची परीक्षा करावी. प्रथम नळीवरील नंबर परवान्याशीं ताडून पाहावा. मग चापाच्या चार प्रकारांचा तपास करावा. पेंचांच्या खांचा फाटलेल्या दिसल्या तर अयोग्य हातांनीं ती उघडली आहे असें समजावें. नळीवर लांकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसल्यास ती लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असण्याचा संभव आहे. ती काळ्या दारूसाठीं केलेली असते, हल्लींच्या जोरदार काडतुसांसाठीं नव्हे. काडतुसाच्या जागेची लांबीही विचारावी. पुष्कळ जुन्या विलायती बंदुकांत ती अडीच इंचांची असते. त्यांत पावणेतीन इंचांचें काडतूस बसलें तरी उडवूं नये.

आणखी एक गोष्ट. बंदूक नीट असली म्हणून ती कोणत्याही जनावरावर चालवितां येत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गवा पहिल्या अनुसूचींत आहे; त्याच्या वाटेस जाऊंच नये. उभ्या पिकाचें नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठीं ११ व्या कलमाखालीं अधिकारी परवानगी देऊं शकतात. ती कागदावर हातीं असल्याशिवाय बार काढूं नये. शस्त्राचा परवाना निराळा व शिकारीची परवानगी निराळी, हें विसरल्यामुळें भल्या माणसांस कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात.

आमची शेतकरी बंधूंस इतकीच विनंति आहे कीं, वर्षांतून दोन वेळां, एकदां मृगापूर्वीं व एकदां भात लोंबीस येण्यापूर्वीं, दिवसाउजेडीं अर्धा तास बंदुकीस द्यावा. पहिले तीन प्रकार घरीं ओळखतां येतात, व त्यांतील फारच थोडें घरीं दुरुस्त करितां येतें. चौथा प्रकार दिसला तर त्या हंगामांत बंदूक कुलुपांत राहूं द्यावी, आणि शेतावर डबे, दिवे, कुंपण व शेजाऱ्यांची पाळी यांवर भागवावें. डुकरांनीं खाल्लेलें भात पुढल्या साली पुन्हां पिकतें. माचावर आपल्याबरोबर बसलेला मुलगा किंवा गडी एका ढिल्या खिटीपायीं गेला, तर तें नुकसान कोणत्याही पंचनाम्यांत भरून येणारें नाहीं.